सुवर्णपदकाला एक लग्न कमी

सोमवारी सकाळी कचेरीत पाऊल टाकलं, तर नाईकनवरे सर टेबलावर उभे होते. पायांत नुसते मोजे, हातात हातोडी आणि ओठांत दोन खिळे. भिंतीवर इतकी वर्षं टांगलेला शिवपार्वतीच्या लग्नाचा मोठा फोटो खाली फरशीवर टेकवून ठेवला होता आणि त्याच्या जागी पांढराशुभ्र फळा चढत होता.

"कोठावळे मॅडम, जरा बघा. सरळ आहे का?"

"उजवीकडं किंचित वर घ्या," मी म्हणाले. "पण सर, शिवपार्वतीचं काय?"

ओठांतले खिळे काढून सर म्हणाले, "त्यांचं झालं की एकदा. आता पुढच्यांचं बघायचंय."

याला आता बरीच वर्षं झाली. सांगलीत विश्रामबागेत टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, आमचं 'लग्नघटी विवाह केंद्र' होतं. वधू-वर टायरच्या ढिगातून वाट काढत वर यायचे, त्यामुळे निम्म्या मुली मुलगा बघायला बसायच्या त्या साडीचा काळा डाग झाकत. कामाला आम्ही दोघीच, मी आणि विजूताई शेटे. विजूताई साठीला टेकलेल्या. मुलगा जिना चढून येईपर्यंत त्याच्या पावलांवरून त्या सांगायच्या, की हा आईला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पिणार नाही. मी चौतिशीची, बिनलग्नाची. विवाह केंद्रात बिनलग्नाच्या बाईनं काम करणं म्हणजे टकल्यानं केसांचं तेल विकण्यासारखं होतं. पण गिऱ्हाइकं सभ्य होती, ती माझ्या गळ्याकडे बघून गप्प बसत.

आई-वडील गेल्यापासून मी दादा-वहिनीकडे खणभागात राहत होते. दोन खोल्यांच्या त्या घरात माझी कॉट टिकून होती ती या नोकरीच्या जोरावर. कुणी तसं कधी बोलून दाखवलं नाही. पण कामावर जाणाऱ्या माणसाला ताटात गरम पोळी मिळते आणि घरी बसणाऱ्याला कालची, एवढं मला कळत होतं.

तर सर दोन दिवस महाबळेश्वरला एका शिबिराला जाऊन आले होते. शिबिराचं नाव 'विजेत्यांची ध्येयनीती'. जन्मात बहुधा कॅरमशिवाय काही न खेळलेल्या एका सुटाबुटातल्या माणसानं तिथं पन्नास उद्योजकांना जमवून सांगितलं, की जागतिक दर्जाचे खेळाडू ध्येय कसं ठरवतात ते शिका, मग तुमचा धंदा कुठल्या कुठे जाईल. सर येताना स्ट्रॉबेरी आणि हे ज्ञान, असं दोन्ही घेऊन आले. स्ट्रॉबेरी त्यांनी घरी ठेवल्या.

"होकार म्हणजे कांस्य," फळ्यावर रकाने आखत सर म्हणाले. "साखरपुडा म्हणजे रौप्य. लग्न म्हणजे सुवर्ण. जानेवारी ते मार्च, या तिमाहीत आपल्याला वीस सुवर्णपदकं पाहिजेत. दहा तुमची, दहा विजूताईंची."

विजूताई नुकत्याच आत आल्या होत्या. खांद्यावरची पिशवी तशीच ठेवून त्या म्हणाल्या, "सर, यंदा जानेवारीभर पौष हाय."

"मग?"

"पौषात लग्नं होत न्हाईत."

"हीच! हीच ती मानसिकता," सरांनी मार्कर त्यांच्याकडे रोखला. "ऑलिंपिकमध्ये धावणारा माणूस पौष बघतो का?"

"बघत नसंल. पण त्याला बोहल्यावर उभं ऱ्हायचं नसतंय."

सरांनी हे ऐकलं नाही. न ऐकायचंही त्यांना शिबिरात शिकवलं असावं. त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला, सोडला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ज्यांची दहा होतील ते पोडियमवर. ज्यांची होणार नाहीत, त्यांना एप्रिलपासून आपण दुसऱ्या क्षेत्रासाठी शुभेच्छा देऊ."

विजूताईंनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे काढून टाकणार?"

"शुभेच्छा देऊन," मी म्हणाले. मी हसले खरी, पण विजूताईंचा मुलगा कमावता होता. माझी होती ती एक कॉट.

पुढच्या आठवड्यात सरांनी खराखुरा खेळाडूच आणला. कल्याणी ऐवळे, आमच्याच सांगलीची वेटलिफ्टर. परदेशातून पदक घेऊन आली होती. चौकाचौकांत तिच्या अभिनंदनाचे फलक लागले होते आणि त्यांवर तिच्यापेक्षा फलक लावणाऱ्यांचे चेहरे मोठे होते. बुटकी, रुंद खांद्यांची, लाजाळू पोरगी. ती येणार म्हणून टायरवाल्यानं जिन्यातले टायर हलवून वाट मोकळी केली. अकरा वर्षांत एकाही नवरीसाठी त्यानं हे केलं नव्हतं.

सर हात चोळत म्हणाले, "आमच्या टीमला जरा सांगा ताई, अशक्य ध्येय कसं ठेवायचं."

"अशक्य?" कल्याणी दचकली. "अशक्य कशाला ठेवायचं, सर? खांदा निखळतोय."

"म्हणजे, मोठं ध्येय."

"मोठं असतंय की. पण ते शेवटी." तिनं टेबलावरची पाण्याची बाटली वजनांच्या बारसारखी दोन्ही हातांत आडवी धरली. "स्पर्धेत आम्हाला तीन उचली मिळतात. पहिल्या उचलीचं वजन आम्ही असं सांगतो, की अंगात ताप असू दे, पाठ धरलेली असू दे, ते उचलणारच. जे नाही म्हणणारच नाही, असलं वजन. पहिलीलाच हाव केली आणि तिन्ही गेल्या, की शून्य. मग वर्षभराची मेहनत घेऊन हात हलवत घरी."

सरांनी लिहून घेतलं. 'नाही म्हणणारच नाही' याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या, तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

"आणि सरावाला आम्ही रोज पूर्ण ताकदीचं वजन उचलत नाही," कल्याणी म्हणाली. "कमी उचलतो, नीट उचलतो आणि संध्याकाळी घरी जातो."

"घरी जातो?" सरांचं पेन थांबलं.

"हो. आई वाट बघत असती."

"ते आपण सोडून देऊ," सर म्हणाले.

"आणि बार डोक्यावर गेला म्हणजे झालं असं नसतंय. हलायचं नाही. पंच खाली ठेवा म्हणेपर्यंत धरून उभं ऱ्हायचं. त्याआधी टाकला, तर मोजत नाहीत."

"लग्नाचं बी तसंच की," विजूताई एवढ्या जोरात म्हणाल्या, की पोरगी लाजली. मग विषय बदलावा म्हणून तिनं मलाच विचारलं, "ताई, तुमचं काय ध्येय?"

"दहा," मी म्हणाले.

"दहा काय?"

"लग्नं."

"ते सरांचं झालं. तुमचं?"

मी तोंड उघडलं. फळ्याकडे बघितलं. तेवढ्यात सरच मदतीला धावले. "टीमचं ध्येय तेच प्रत्येकाचं ध्येय! व्वा!" असं म्हणून त्यांनी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.

शाल-श्रीफळ झालं. जिन्यापर्यंत पोचवायला गेलेल्या सरांना धंदा आठवला. "ताई, तुमचं कुठं बघताय का? आपल्याकडं चांगली स्थळं आहेत."

कल्याणी हसली. "सर, माझा वजनी गट ठरलेला हाय. त्याच्या बाहेरचं मी उचलत न्हाई."

सर पण हसले. ती गेल्यावर वर येऊन त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात 'संभाव्य' असं लिहून खाली तिचं नाव घातलं.

पौष पौषासारखाच गेला. सर कमरेवर हात ठेवून रिकाम्या फळ्यासमोर उभे राहत. त्यांनी गळ्यात घालायला एक शिट्टी आणली होती. फोनवर कुणी होकार दिला, की ते शिट्टी फुंकत. खालच्या टायरवाल्याला पहिले काही दिवस वाहतूक पोलीस आल्यासारखं वाटायचं आणि तो धावत जाऊन रस्त्यावर मांडलेले टायर आत घ्यायचा.

माघात मुहूर्त निघाले आणि आमची खरी शर्यत सुरू झाली. 'विचार करून सांगते' म्हणणारी मुलगी कांस्यात धरायची, कारण ती नाही म्हणालेली नसते, असा सरांनी नियम काढला. मुलांच्या उंच्या वाढल्या. टक्कल होतं तिथं भव्य कपाळ आलं. 'तापट' हा शब्द कचेरीतून हद्दपार झाला आणि त्याच्या जागी 'स्पष्टवक्ता' आला. पत्रिका बघणाऱ्या गुरुजींना सरांनी जरा लवचिक राहायला सांगितलं. गुरुजींनी उभ्या आयुष्यात कुणाचा मंगळ जागचा हलवला नव्हता. फेब्रुवारीत त्यांनी तो दोनदा हलवला, आणि दुसऱ्यांदा घरी जाऊन आंघोळ केली असं त्यांनीच आम्हाला सांगितलं.

फळा भरत गेला. सर खूश होते. मीही, खोटं कशाला सांगू, सुवर्णाच्या प्रत्येक पिवळ्या खुणेबरोबर माझी कॉट जरा पक्की होत असल्यासारखी मला झोप लागायची.

मग माधवनगरची मुलगी परत आली. तिचं लग्न विजूताईंच्या रकान्यात पडलं होतं. आठ दिवसांनी ती हातावरच्या मेंदीसकट खाली टायरांमध्ये बॅग घेऊन उभी होती. नवऱ्यानं सांगितलं होतं, की त्याचं दुसरीकडं आहे, घरच्यांनी दामटून बोहल्यावर उभं केलं. माहेरी कशी जाऊ हे विचारायला ती आधी आमच्याकडे आली होती, कारण लग्न आम्ही जमवलं होतं.

विजूताईंनी तिला वर आणून पाणी दिलं. मग फळ्यापाशी गेल्या आणि डस्टर उचललं. "सर, हे पुसायला पायजे."

"का? लग्न झालं ना?"

"आठ दिवसांत मोडलं की. ती पोरगी म्हणाली न्हवती, पंच सांगेपर्यंत धरायला लागतंय म्हणून?"

"पंच मी आहे," सर म्हणाले. "आणि मी मोजलंय."

ती मुलगी खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना. त्या दिवशी मला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नोकरीची लाज वाटली. आणि त्याच वेळी ती नोकरी जाईल याची भीतीही वाटत होती, हे त्याहून वाईट. विजूताई तिला घेऊन तिच्या माहेरी गेल्या. फळ्यावरची खूण तशीच राहिली.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात विजूताईंची दहा होती, ही मोडलेली धरून. माझी नऊ.

बुधवारी सरांनी मला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. "बसा, मॅडम." सर क्वचितच कुणाला बसा म्हणत, म्हणून मी उभीच राहिले.

"सोमवारी पाडवा आहे," ते म्हणाले. "साडेतीन मुहूर्तांतला एक. मुहूर्त बघावाच लागत नाही. आणि यंदा तो आलाय नेमका एकतीस मार्चला. याला मी योगायोग म्हणत नाही. याला म्हणतात नियोजन."

"पंचांगाचं?"

"स्थळ आहे," सर पुढे म्हणाले. "प्रकाश इनामके."

मला हसूच आलं. इनामक्यांना आमच्या कचेरीत ओळखत नाही असं कुणी नव्हतं. वीज खात्यात नोकरी, मिरजेला स्वतःचं घर, वय एकोणचाळीस, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. असं स्थळ सहा वर्षं आमच्याकडे पडून होतं, कारण त्याला एक खोड होती. मुलगी बघायला आले, की ते पाच मिनिटं एकांतात बोलायला मागत आणि विचारत, "तुम्हाला खरंच लग्न करायचंय का?" पुरणपोळी येते का, सासू-सासऱ्यांत राहशील का, या प्रश्नांची तयारी करून आलेल्या मुली या प्रश्नाला फुटायच्या. एकीला स्पर्धा परीक्षा द्यायची होती. एकीनं वर्गातल्या मुलाचं नाव सांगितलं. एक नुसतीच रडली आणि रडून झाल्यावर त्यांचे आभार मानून गेली. विजूताईंनी त्यांना किती वेळा समजावलं होतं, "अवो, हे इचारायचं नसतंय. हे धरून चालायचं असतंय." पण इनामके सुधारले नाहीत.

"त्यांच्यासाठी चार दिवसांत मुलगी कुठून आणू, सर?"

"आणायची कशाला?" सर प्रेमानं म्हणाले. "समोर उभी आहे की."

मी मागे वळून बघितलं. खरंच बघितलं. मागे कपाट होतं.

"कल्याणीताई काय म्हणाल्या होत्या?" सर उठून माझ्याजवळ आले. "जे नाही म्हणणारच नाही, असं निवडायचं. मी खूप विचार केला, मॅडम. आपल्या हाताशी असं कोण आहे? वय चौतीस. आई-वडील नाहीत. भावाच्या घरात किती दिवस राहणार? आणि नोकरीचं तर तुम्हाला माहीतच आहे. बघा ना, तुमचंच एक सुवर्ण कमी पडतंय, ते तुम्हीच भरून काढायचं. नोकरी राहिली, संसार झाला, टीम पोडियमवर गेली. एका उचलीत तीन कामं!"

बाहेरून विजूताईंचा आवाज आला, "सर, ती पोरगी पयल्या उचलीचं बोलत होती. ही शेवटची हाय."

"तत्त्व एकच आहे!" सर ओरडले.

राग यायला हवा होता. तो आला नाही. कारण सरांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. अकरा वर्षं मी मुलींची वर्णनं लिहीत होते, गोरी, सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष. माझं इतकं नेमकं वर्णन मात्र कुणी केलं नव्हतं. खेळातून धंद्यानं काय शिकावं याबद्दल तो सुटाबुटातला माणूस जे काही सांगून गेला असेल ते असो, आमच्या सरांनी त्यातून एकच गोष्ट उचलली होती, की जिला नाही म्हणायला जागाच नाही, ती बाई शोधून काढायची.

घरी पोचले तर दादाला सरांचा फोन येऊन गेलेला. वहिनीनं तिची हिरवी साडी इस्त्रीला टाकली होती.

"वन्सं, मानूस बरा हाय म्हणत्यात," ती म्हणाली. तिचा चेहरा खुलला होता आणि त्यात वाईट काही नव्हतं. दोन खोल्यांत तीन माणसांचा संसार ती करत होती. एक माणूस सुखानं बाहेर पडत असेल तर कोण नको म्हणेल?

"वीज खात्यातला आहे," दादा म्हणाला. "निदान घरातली लाईट तरी जाणार नाही."

तिघंही हसलो. त्या रात्री मी मला काय वाटतं हे शोधायचा फार प्रयत्न केला. सापडलं ते एवढंच, की नोकरी गेली तर काय होईल. त्याच्या पलीकडे नजर जातच नव्हती.

शनिवारी कार्यक्रम. कोपऱ्यावरच्या हॉटेलातून पोहे आले होते. फळ्यावर माझ्या रकान्यात दहावी खूण आधीच काढून ठेवली होती, फक्त आत रंग भरायचा बाकी होता. सरांनी शिट्टी रुमालानं पुसून गळ्यात घातली होती. इनामके कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. जिन्यातच सरांनी त्यांना गाठून बजावलेलं मला वरून ऐकू आलं, "मुलगी आपल्याच घरातली आहे. विचारायचं वगैरे काही कारण नाही."

वर आल्यावर ते माझ्यासमोर बसले, पोह्यांची बशी हातात घेतली, खाली ठेवली आणि म्हणाले, "थोडं एकट्यानं बोलता येईल का?"

सरांनी डोळे मिटले. पण ते गिऱ्हाईक होतं, नाही म्हणता येईना. आम्ही काचेच्या केबिनमध्ये गेलो. सर काचेच्या पलीकडे उभे राहिले.

"तुम्ही मला ओळखता," इनामके म्हणाले.

"सहा वर्षं तुमचं स्थळ मीच सांभाळतेय."

"मग मी काय विचारणार तेही तुम्हाला ठाऊक असेल."

"आहे."

"विचारू?"

"विचारा," मी म्हणाले.

"तुम्हाला खरंच लग्न करायचंय का?"

या प्रश्नावर मी आणि विजूताई कितीदा पोट धरून हसलो होतो. पण तो दुसरीला विचारलेला असताना. तोच समोर येऊन बसला, तेव्हा कळलं की त्या मुली का फुटायच्या. 

"नाही म्हटलं तर माझी नोकरी जाईल," मी म्हणाले.

"नोकरीचं कळलं," ते शांतपणे म्हणाले. "मी लग्नाचं विचारलं."

मी काचेतून बाहेर पाहिलं. सर माझ्याकडे बघून हसले. प्रोत्साहन म्हणून त्यांनी दोन्ही मुठी वर करून दाखवल्या, बार उचलल्यासारख्या. शिट्टी ओठांत तयार होती.

"हे बघा," मी म्हणाले, "आत्ता मला दुसरं काही सुचत नाही. एवढं कळतंय, की तो माणूस शिट्टी धरून तिथं उभा आहे तोवर मी कशालाही हो म्हणणार नाही."

इनामक्यांनी मान वळवून सरांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग उठले. "बरोबर आहे तुमचं. मग आज राहू दे."

आम्ही बाहेर आलो. सरांनी दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. "काय ठरलं?"

"नाही, सर," मी म्हणाले.

"म्हणजे विचार करून सांगणार! कांस्य!" सरांनी शिट्टी फुंकली. खाली टायर ओढल्याचा आवाज आला.

"विचार करून नाही. नाही म्हणजे नाही."

"यानं विचारलं ना? विचारलंच ना यानं?" सर इनामक्यांकडे वळले. "मी जिन्यात काय सांगितलं होतं?"

"सर, पोहे तरी खाऊ द्या त्यास्नी," विजूताई म्हणाल्या. त्यांनी बशी पुन्हा इनामक्यांच्या हातात दिली आणि इनामक्यांनी ते उभ्याउभ्या, मुकाट्यानं संपवले.

सर खुर्चीत बसले. शिट्टी छातीवर लोंबत होती. रागावलेले वाटत नव्हते, गोंधळलेले होते. अंकगणित बरोबर असून उत्तर चुकलं, की माणूस जसा बघतो तसे ते माझ्याकडे बघत राहिले.

"पण मॅडम, तुम्ही नाही म्हणणार नाही असं मी धरलं होतं."

"मीसुद्धा, सर," मी म्हणाले.

त्यांनी मला दुसऱ्या क्षेत्रासाठी शुभेच्छा दिल्या. अगदी मनापासून दिल्या, हातात हात घेऊन. विजूताई जिन्यापर्यंत आल्या आणि तिथं त्यांनी सरांबद्दल जे म्हटलं ते छापण्यासारखं नाही.

पाडवा झाला. दादाच्या घरावर गुढी उभी राहिली, उतरली. घरात मला कुणी टोचून बोललं नाही. सगळे एवढे जपून वागत होते, की त्यापेक्षा कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. दोन दिवसांनी संध्याकाळी दाराशी इनामके उभे. कडक इस्त्रीचा तोच शर्ट.

वहिनीनं धावत जाऊन खुर्ची पुसली, आल्याचा चहा केला आणि दादाला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. आतल्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. पडद्याखाली चार पावलं दिसत होती.

"तिमाही संपली," इनामके म्हणाले. "आता कुणी मोजणार नाही. त्या दिवशीचं तुमचं उत्तर सरांना होतं, म्हणून म्हटलं पुन्हा एकदा विचारावं. चालेल?"

मी मान हलवली. त्यांनी तोच प्रश्न तशाच शब्दांत विचारला.

माणूस फार चांगला होता. मला कुणाशी लग्न करायचंच असतं, तर याच्याशी केलं असतं, असं मनात आलं आणि त्याच क्षणी उत्तरही समोर आलं.

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही नको असं नाही. मला लग्नच करायचं नाहीये."

हे मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलत होते. मला वाटलं होतं, छप्पर कोसळेल. पडद्याखालची दोन पावलं मटकन खाली बसली, एवढंच झालं.

"बरं," इनामके म्हणाले. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला. "न रडता सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच." आणि चपला घालून ते निघून गेले. माझे डोळे भरून आले ते त्यानंतर.

वहिनी पडदा सारून बाहेर आली. माझ्यासमोर जमिनीवर बसली. "वन्सं, नोकरी बी न्हाई, लग्न बी न्हाई. मग आता तुम्ही करणार तरी काय?"

"ठरवलं नाही."

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही."

हे बोलताना भीती वाटेल म्हणून मी जरा थांबले. भीती आलीच नाही. उलट हसू यायला लागलं, आणि मला इतका आनंद झाला, की तो वहिनीपासून लपवावा लागला.

वहिनीनं कपाळाला हात लावला. मग कप उचलत म्हणाली, "मग उद्या किती वाजता उठवू?"

"उठवू नका," मी म्हणाले.